मॉडेलर घेतला, आता अ‍ॅम्प कोणता?

(परभणी येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न व उत्तरे दिली आहेत.)



ऊन उतरल्यावरची वेळ ठेवली असली तरी जिंतूर, सेलू, गंगाखेडहून येणाऱ्यांना भर दुपारीच निघावं लागलं असणार. त्याबद्दल आधी आभार. पुढे काही जण गिटारच्या बॅगा घेऊन बसलेत, मागे बेंजोवाले दिसतायत. आज दोघांच्याही कामाचं बोलू.

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. "सर, प्रोसेसर घेतला. हेडफोनमध्ये आवाज एक नंबर येतो. पण स्टेजवर अ‍ॅम्पला लावला की पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं होतं. प्रोसेसर खराब आहे का?" आपल्याकडे ज्याला प्रोसेसर म्हणतात त्यालाच आज आपण मॉडेलर म्हणणार आहोत. आणि उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा तो खराब नसतो. तो चुकीच्या ठिकाणी जोडलेला असतो.

हे सांगायला अख्खं व्याख्यान कशाला, असं वाटेल. पण या एका गैरसमजापायी पोरं काय करतात ते आम्ही पाहिलंय. चांगला मॉडेलर निम्म्या किमतीत विकतात, त्याहून महाग घेतात, तोही तसाच वाजतो. मग दोन माणसांनी उचलावा लागेल असा अ‍ॅम्प घेतात. जयंती, गणपती, लग्नसराई या हंगामात ऑर्केस्ट्रात वाजवून जे साठवलं, ते एका चुकीच्या खरेदीत जातं. म्हणून आज थोडं मुळातून समजून घेऊ. एकदा तत्त्व कळलं की दुकानदार काय म्हणतो यावर अवलंबून राहावं लागत नाही.

डब्यात नेमकं काय आहे

साध्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कसा तयार होतो ते बघा. तार थरथरते, पिकअप ती थरथर विजेच्या अगदी बारीक सिग्नलमध्ये बदलतो. हा सिग्नल प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो. तिथे त्याला वळण मिळतं, आणि गेन वाढवला तर तो फाटतो. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. पुढे पॉवर अ‍ॅम्प त्याला ताकद देतो आणि शेवटी स्पीकर हवा हलवतो.

आता या शेवटच्या टप्प्याकडे आपलं लक्षच नसतं. गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमसारखा स्पीकर नाही. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर जगभर वापरतात. कंपनी त्याची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ सांगते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. म्हणजे पाच हजारांच्या वरचं बरंचसं हा स्पीकर पुढे जाऊच देत नाही. ही त्याची उणीव नव्हे, हेच त्याचं काम. डिस्टॉर्शनमधून वरच्या पट्टीत जो कर्कश कचरा तयार होतो, तो हा स्पीकर चाळणीसारखा अडवतो. ज्याला आपण 'रॉक गिटारचा आवाज' म्हणतो, त्यात या चाळणीचा वाटा फार मोठा आहे.

मॉडेलर काय करतो? हे सगळे टप्पे आकडेमोड करून आतच उभे करतो. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा 'पॉड' आला आणि ही गोष्ट सामान्य वादकाच्या टेबलावर पोचली. २०१५ मध्ये त्याच कंपनीचा 'हेलिक्स' आला. आज बॉस, झूम, मूअर, व्हॅलेटन अशा कंपन्यांचे छोटे मॉडेलर आपल्याकडच्या पोरांच्या बॅगेत असतात. त्यांच्या आत प्रीअ‍ॅम्प आहे, पॉवर अ‍ॅम्प आहे, स्पीकरची कॅबिनेट आहे, आणि त्या कॅबिनेटसमोर ठेवलेला माइकसुद्धा आहे. हा कॅबिनेट-माइकचा भाग म्हणजे तुमच्या स्क्रीनवर 'कॅब' किंवा 'आयआर' नावाने दिसतो तो ठोकळा.

म्हणजे मॉडेलरच्या भोकातून बाहेर पडतो तो गिटारचा कच्चा सिग्नल नाही. तो स्टुडिओत माइक लावून रेकॉर्ड केल्यासारखा, तयार झालेला आवाज आहे. तो हेडफोनमध्ये चांगला का वाजतो, याचं उत्तर इथेच मिळालं. हेडफोन त्यात स्वतःचं फारसं काही घालत नाही.

फोडणी एकदाच

आता हा तयार आवाज तुम्ही गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये घातला तर काय होईल? आत एकदा प्रीअ‍ॅम्प झालाय, बाहेर पुन्हा प्रीअ‍ॅम्प. आत एकदा चाळणीतून गेलाय, बाहेर पुन्हा चाळणी. वरणाला घरातून फोडणी देऊन आणली आणि पंगतीत वाढताना परत दुसरी फोडणी घातली, अशातला प्रकार. आवाज कोंदट होतो, मधलाच पट्टा नाकातून बोलल्यासारखा पुढे येतो, आणि आपण म्हणतो पत्र्याचा डबा.

उलट चूकही होते. काही जण कॅबचा ठोकळा बंद ठेवतात आणि सिग्नल थेट मंडपवाल्याच्या मिक्सरला देतात. आता चाळणी एकदाही नाही. मग डिस्टॉर्शन लावलं की माशा घोंगावल्यासारखा, कान किसणारा आवाज येतो.

म्हणून आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लिहून घ्यायचं असेल तर हे घ्या: तारेपासून कानापर्यंतच्या वाटेत गिटारचा स्पीकर एकदाच आला पाहिजे. तो मॉडेलरच्या आत असेल तर बाहेरचा स्पीकर तटस्थ हवा, म्हणजे जे येईल ते जसंच्या तसं वाजवणारा. आणि बाहेर गिटारचाच स्पीकर असेल तर आतला कॅब बंद करा. बाकी सगळी निवड या एका वाक्यातून निघते.

चार वाटा

पहिली वाट म्हणजे तटस्थ पॉवर्ड स्पीकर. बाजारात याला एफआरएफआर म्हणतात, म्हणजे फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स. आत एक आठ, दहा किंवा बारा इंची वूफर, वरच्या पट्टीसाठी वेगळा ड्रायव्हर, आणि अ‍ॅम्प आतच बसवलेला. हेडरश कंपनीचे एफआरएफआर-१०८ आणि ११२ हे खास मॉडेलरसाठी विकले जातात. १०८ मध्ये आठ इंची वूफर आहे, ११२ मध्ये बारा इंची. पण 'एफआरएफआर' असं लेबल असलंच पाहिजे असं नाही. गाण्यासाठी वापरतात तो बऱ्यापैकी कंपनीचा पॉवर्ड स्पीकर तेच काम करतो. फक्त मागे आवाजाचं वळण निवडायचं बटण असेल तर ते 'फ्लॅट'वर ठेवा. 'डीजे' वगैरे लिहिलेलं असतं तिथे खर्ज फुगवलेला असतो. कीबोर्डचा अ‍ॅम्पही याच जातीतला, कारण कीबोर्डमधून बासरीपासून तबल्यापर्यंत सगळं वाजायचं असतं.

दुसरी वाट, तुमच्याकडे आधीच गिटार अ‍ॅम्प आहे. तो विकायची घाई करू नका. मागे किंवा वर 'एफएक्स रिटर्न' लिहिलेलं भोक आहे का बघा. मॉडेलरची वायर पुढच्या इनपुटऐवजी त्यात घाला. सिग्नल अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प टाळून सरळ पॉवर अ‍ॅम्पला जातो. आणि मॉडेलरमधला कॅब बंद करा. काही मॉडेलरच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट' कशाला जोडलाय ते विचारतात, तिथे 'रिटर्न' किंवा 'पॉवर अ‍ॅम्प' निवडलं की काम झालं. गिटारच्या स्पीकरचा छातीवर येणारा ठोका अनेकांना आवडतो, त्यांच्यासाठी ही वाट पहिल्यापेक्षा सरस आहे. अडचण एवढीच की कॅबिनेट बदलून ऐकायची चैन राहत नाही. जो स्पीकर समोर आहे, तोच.

तिसरी वाट म्हणजे बॅटरीवर चालणारा फिरता स्पीकर. रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स आठ पेन्सिल सेलवर चालतो. बोसचा एस१ प्रो साधारण सात किलोचा आहे, आत चार्ज होणारी बॅटरी आहे. या जातीचा स्पीकर घेताना वायरने जोडायचं लाइन इनपुट आहे का ते पाहा. आणि त्या स्पीकरमध्ये स्वतःचे गिटार अ‍ॅम्पचे आवाज दिलेले असतील तर ते वापरू नका, नाहीतर पुन्हा दोनदा फोडणी.

चौथी वाट सगळ्यात हलकी: अ‍ॅम्पच न्यायचा नाही. मॉडेलरमधून थेट कार्यक्रमाच्या मिक्सरला, आणि स्वतःला ऐकायला कानात इयरफोन किंवा पायाशी मॉनिटर. शहरातल्या चांगल्या साउंड सिस्टिमला हे उत्तम. पण तालुक्याच्या कार्यक्रमात मॉनिटर मिळेलच याची खात्री नसते, आणि मिळाला तर त्यात फक्त गायक ऐकू येतो. म्हणून आमचं मत असं आहे की मिक्सरला सिग्नल द्यावाच, पण आपल्यासाठी एक छोटा स्पीकर जवळ असावा. लोकांना ऐकवायचं काम साउंडवाल्याचं, स्वतःला ऐकायचं काम आपलं. असं वाटून घेतलं की फार मोठा अ‍ॅम्प लागतच नाही.

आणि भोंगा? गावात कधीकधी फक्त कर्णेच असतात. कर्ण्याचा जन्म बोलणं लांबवर पोचवण्यासाठी झाला. तो आवाजाचा मधला पट्टा जोरात फेकतो, खर्ज आणि वरची पट्टी देत नाही. त्यात गिटारचं डिस्टॉर्शन घालाल तर नुसता गोंगाट होईल. अशा ठिकाणी क्लीन आवाज, गेन कमी, एकेक स्वर वाजवा. ते शोभून दिसतं.

वॅटचं गणित

दुकानात गेलं की पहिला प्रश्न: किती वॅट? आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात एक हजार, दोन हजार. तो आकडा बहुतेक वेळा 'पीक'चा असतो, म्हणजे क्षणभराचा. सलग किती देतो तो आकडा वेगळा, खाली बारीक अक्षरात. तो शोधा.

पण वॅटपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल वाजतो, हा तो आकडा. मघाचा व्हिंटेज ३० शंभर डेसिबल वाजतो. समजा दुसरा एक स्पीकर ९२ वाजतो. आता नियम असा: ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे ९२ वाल्या स्पीकरला १०० वॅट दिले तर तो ११२ डेसिबलला पोचतो, आणि १०० वाला स्पीकर तिथे फक्त १६ वॅटमध्ये पोचतो. म्हणूनच तीस वॅटचा जुना ट्यूब अ‍ॅम्प शंभर वॅटच्या प्लास्टिकच्या खोक्याला झाकून टाकतो. यात जादू काही नाही, स्पीकरचा फरक आहे.

आता अंतर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. एक मीटरवर ११२ असेल तर दोनवर १०६, चारवर १००, आठवर ९४, सोळा मीटरवर ८८. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, मैदानात काही नाही. घरी कानठळ्या बसवणारा स्पीकर शाळेच्या ग्राउंडवर केविलवाणा वाटतो तो यामुळे. म्हणून पुन्हा सांगतो, मैदान भरायचं काम आपल्या स्पीकरवर टाकू नका. तो एक-दोन मीटरवर उभ्या असलेल्या वादकासाठी आहे. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डसोबत वाजवताना स्वतःला ऐकायला सलग ५० ते १०० वॅटचा, आठ किंवा दहा इंची स्पीकर पुरतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्यापेक्षा खाली जाणाऱ्या भल्यामोठ्या वूफरचं ओझं नुसत्या गिटारला कशाला?

आणि आवाजाचा कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणावारी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. परवानगीच्या कागदावर काय लिहिलंय ते आयोजकाला आधीच विचारून घ्यावं.

वजन, बॅटरी आणि लाईट

'पोर्टेबल' हा शब्द कंपन्या सैलपणे वापरतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे. एका खांद्याला गिटार, पाठीवर मॉडेलर आणि वायरी, आणि उरलेल्या एका हातात स्पीकर घेऊन तुम्ही पाथरीच्या एसटीत किंवा पूर्ण्याच्या पॅसेंजरमध्ये चढू शकता का? आठ-दहा किलोपर्यंत जमतं. पंधरा-वीस किलो झाले की गाडी करावी लागते, आणि गाडीचं भाडं मानधनातून जातं. पूर्वी अ‍ॅम्प जड असायचे ते आतल्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरमुळे. आता क्लास-डी अ‍ॅम्प आणि स्विचिंग सप्लाय आल्यामुळे वजन उतरलंय. त्याचा फायदा घ्या.

लाईटचं काय सांगावं! ऐन गाण्यात गेली तर माइकसकट सगळं गप्प होतं, तिथे आपण एकटे वाजवून उपयोग नाही. पण ती गेली आणि लगेच आली, की मॉडेलर पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो, आणि गाणं पुढे निघून जातं. म्हणून निदान मॉडेलर तरी बॅटरीवर असावा. बॉसचा जीटी-१, झूमचा जी१एक्स फोर हे चार पेन्सिल सेलवर चालतात. ज्यांना बाहेरून ९ व्होल्ट लागतात, त्यांच्यासाठी हिशेब करा. समजा मॉडेलर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे साडेचार वॅट. शेतात फवारणीच्या पंपात असते ती १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९६ वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून ४८ धरा. ९ व्होल्टचा कन्व्हर्टर लावून, थोडी गळती सोडून, नऊ-दहा तास निघतात. एक कार्यक्रम आरामात.

स्पीकरचा हिशेब वेगळा. ५० वॅटचा स्पीकर सतत ५० वॅट घेत नाही. संगीतात कमाल ताकद क्षणभरच लागते. सरासरी म्हणून कमालीच्या आठव्या भागाचा हिशेब धरायची पद्धत आहे. तरी अ‍ॅम्पचा स्वतःचा खर्च धरून दहा-बारा वॅट समजा. त्याच ४८ वॅट-तासांत चार तास. मात्र मॉडेलर आणि स्पीकर एकाच बॅटरीवर जोडू नका, आवाजात किरकिर येण्याची शक्यता असते.

दोन सावधगिऱ्या. एक, गिटारच्या बहुतेक उपकरणांच्या पिनमध्ये मधला टोक निगेटिव्ह असतो. घरातल्या राउटरच्या, सीसीटीव्हीच्या अ‍ॅडाप्टरमध्ये तो बहुधा पॉझिटिव्ह असतो आणि व्होल्टही १२ असतात. पिन मात्र तंतोतंत बसते! 'बसली म्हणजे चालेल' असं धरून मॉडेलर जाळून घेतलेले लोक आम्हाला माहीत आहेत. अ‍ॅडाप्टरवरचं चित्र आणि व्होल्ट वाचल्याशिवाय जोडायचं नाही. दोन, आपल्याकडचा मे महिना. काळा स्पीकर उन्हात ठेवला की आतला अ‍ॅम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. बंद गाडीत ती पातळी सहज ओलांडली जाते. कार्यक्रमापर्यंत सामान सावलीत, आणि चार्जिंग घरी रात्री.

ओठाला बसणारा झटका

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट. काही वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यात एका कार्यक्रमात आमच्यातल्या एकाने गिटार गळ्यात असताना कोरससाठी माइकला ओठ लावले आणि सणकन झटका बसला. तो मागे पडला, गिटार सुटली, थोडक्यात निभावलं. नंतर पाहिलं तर आमच्या अ‍ॅम्पचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये होता. अर्थिंग नव्हतंच.

हे का होतं? गिटारच्या तारा वायरच्या शिल्डमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अंगाला. दोन्हीकडे अर्थिंग नीट असेल तर दोन्ही अंगं जमिनीच्या पातळीवर असतात, आणि त्यांच्यात फरक नसतो. अर्थिंग तुटलं की अ‍ॅम्पचं अंग तरंगतं. स्विचिंग सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे त्यावर थोडा व्होल्टेज येतो, त्याने नुसत्या मुंग्या येतात. पण आत वायर सुटली असेल, इन्सुलेशन गेलं असेल, तर पूर्ण २३० व्होल्ट अंगावर येतात. स्टेजची एक बाजू एका फेजवर आणि दुसरी दुसऱ्या फेजवर असेल तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा फरक असतो. एक हात तारेवर, ओठ माइकवर. वीज जाते ती छातीतून.

म्हणून नियम. प्लगची तिसरी पिन कधीही तोडायची नाही, 'हमिंग येतंय' म्हणून तर मुळीच नाही. जनरेटर किंवा मीटरपासून अर्थिंग केलंय का, ते मंडपवाल्याला विचारायचं, विचारण्यात लाज नाही. तारेला हात लावून माइक धरण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला लावून बघायचं. मीटर नसेल तर निदान टेस्टर. काही दिसलं तर वाजवायचं नाही. माइकवर स्पंजची टोपी घालायची. आणि शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेलं स्वतःचं एक्स्टेंशन न्यायचं.

बॅटरीवर चालणाऱ्या सेटअपचा खरा फायदा इथे आहे. मॉडेलर बॅटरीवर, स्पीकर बॅटरीवर, म्हणजे आपल्या बाजूने मेन्सचा संबंधच नाही. पण तुम्ही मिक्सरला वायर दिली की त्याच्या अंगाशी पुन्हा जोडले गेलात. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये ठेवा आणि त्याचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा. त्याने गुणगुण जाते आणि आपली बाजू मिक्सरपासून वेगळी राहते. अर्थात, मिक्सरच्या बाजूचाच माइक सदोष असेल तर तो सदोषच राहतो. म्हणून मीटरची तपासणी चुकवायची नाही.

स्टेजवर गेल्यावर

शेवटचा मुद्दा थोडक्यात. घरी रात्री हळू आवाजात बनवलेला प्रीसेट स्टेजवर बिघडतो. कारण आपला कान. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज आणि वरची पट्टी कमी ऐकू येते. म्हणून आपण घरी दोन्ही वाढवून ठेवतो. स्टेजवर तोच आवाज मोठा केला की खर्ज घुमतो आणि वरचं टोचतं. उपाय म्हणजे एकदा तरी गावाबाहेर, शेतात, स्टेजइतक्या मोठ्या आवाजात प्रीसेट बनवा. लो-कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय-कट ६ ते ८ हजारांच्या आसपास ठेवून सुरुवात करा. स्पीकर जमिनीवर ठेवला तर खर्ज आणखी वाढतो. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून कानाकडे वळवा.

साउंडवाल्याला वायर देताना तीन गोष्टी सांगा: हे लाइन लेव्हल आहे, फँटम पॉवर बंद ठेवा, आणि गेन खालून वर न्या. एकच वायर असेल तर ती 'लेफ्ट/मोनो' भोकात. चुकून 'राइट'मध्ये घातली तर अर्धाच आवाज जाईल.

प्रश्नोत्तरे

*माझ्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे. मॉडेलरमध्येही ब्लूटूथ आहे. जमेल का?*

गाणी ऐकायला जमेल, वाजवायला नाही. आवाज हवेत एक मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो. मॉडेलरला आकडेमोडीला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्पीकर मीटरभर लांब ठेवल्यासारखं. ते जाणवत नाही. साध्या ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात. दीडशे धरले तर पन्नास मीटर लांबून आपली गिटार ऐकल्यासारखं. तालच सुटेल. त्या स्पीकरला वायरचं इनपुट असेल तर ते वापरा.

*आम्ही बेंजो वाजवतो, पिकअपला गिटारचाच प्रोसेसर लावतो. आम्हाला हे सगळं लागू आहे का?*

अगदी लागू. तुमचा बेंजो ज्या वाद्यावरून आला ते तैशोगोतो जपानमध्ये नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालं, आणि आपल्याकडे त्याला पिकअप लागला. पिकअपचा सिग्नल गिटारसारखाच वागतो. फरक एवढाच की मिरवणुकीत तुम्ही चालता. गाडीवरचे स्पीकर आधीच खर्ज फुगवलेले असतात, त्यामुळे लो-कट आणखी वर, १५० हर्ट्झपर्यंत न्या. डिस्टॉर्शन वापरत असाल तर कॅब चालूच ठेवा.

*घरच्या इन्व्हर्टरवर लावलं की घूंऽऽ आवाज येतो.*

स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, चौकोनी लाट देतो. ट्रान्सफॉर्मर असलेले अ‍ॅडाप्टर त्यावर गुरगुरतात. मॉडेलर सेलवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष इन्व्हर्टरच्या लाटेचा. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हा खरा उपाय, पण नुसत्या गिटारसाठी तो घेऊ नका.

*सर, पैसे फार नाहीत. आधी काय घेऊ?*

चांगला प्रश्न. मॉडेलर आहे ना? मग पहिला एक धड हेडफोन, दोन चांगल्या वायरी आणि डीआय बॉक्स. यावर तुम्ही घरी सराव करू शकता आणि कुठल्याही मिक्सरला जोडू शकता. पुढच्या हंगामानंतर आठ-दहा इंची तटस्थ स्पीकर, जमलं तर बॅटरीचा. जुना प्रॅक्टिस अ‍ॅम्प असेल आणि त्याला 'ऑक्स इन' असेल, तर कॅब बंद करून त्यात लावून बघा. फुकटात पुष्कळ फरक पडेल.

*कॅब बंद करायचं माझ्या प्रोसेसरमध्ये सापडतच नाही.*

घेऊन या इकडे, सोबत शोधू. ज्यांनी सामान आणलंय त्यांनी बॅगा उघडा. इथे डाव्या हाताला तटस्थ स्पीकर ठेवलाय, उजव्या हाताला गिटार अ‍ॅम्प. तीच गिटार, तोच प्रीसेट, दोन्हींवर कॅब चालू करून आणि बंद करून, असं चार वेळा ऐका. पण थांबा, आधी मीटर लावून बघू द्या.